राष्ट्रगीतातून उचललेलं नाव

राष्ट्रगीताचे पहिलेच शब्द उचलून आपल्या पॉप बँडला नाव म्हणून लावायचे, याला धाडस म्हणावं की आगाऊपणा? १९८१ साली लिस्बनमधल्या पाच तरुणांनी ते केलं. पोर्तुगालचं राष्ट्रगीत ज्या शब्दांनी सुरू होतं तेच त्यांच्या बँडचं नाव झालं: एरॉइश दु मार, म्हणजे दर्यावर्दी वीर. मंचावर तांबड्या क्रुसाचे बावटे. अंगावर खलाशी, शिपाई आणि जुन्या काळचा सरदार यांच्या अधलेमधले कसले तरी पोशाख. केस मात्र थेट लंडनच्या फॅशनचे, आणि संगीत चक्क नाचायचं. पहिली रेकॉर्ड बाजारात आली आणि वर्तमानपत्रांतून प्रश्न विचारला जाऊ लागला की ही पोरं फॅसिस्ट तर नाहीत?

लांबून पाहताना प्रश्न हास्यास्पद वाटतो. त्याच सुमाराला इंग्लंडात स्पँडाउ बॅले आणि ड्युरान ड्युरान ही मंडळी झालरीचे सदरे घालून गात होती, आणि त्यांना कुणी सरंजामशाहीचे हस्तक ठरवलं नाही. पण लिस्बनची गोष्ट निराळी होती. तिथे हुकूमशाही जाऊन जेमतेम सात वर्षं झाली होती, आणि ती हुकूमशाही जी चिन्हं मिरवत असे त्यांतलीच काही या पाच जणांनी कपाटातून काढून पुन्हा अंगावर चढवली होती.

त्यांतलं सगळ्यात ठळक चिन्ह म्हणजे तो क्रूस, तांबडा आणि आत पांढरी रेघ असलेला. राजा दिनिशने १३१९ मध्ये स्थापन केलेल्या ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’ या धर्मयोद्ध्यांच्या संघाची ती खूण. पंधराव्या शतकात आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे ज्या मोहिमा निघाल्या त्यांना या संघाचं पाठबळ होतं, म्हणून जहाजांच्या शिडांवर तो क्रूस रंगवला जाई. पोर्तुगालमधल्या शाळकरी मुलाला तो दिसला की वास्को द गामा आठवतो. कोकणच्या किनाऱ्यावरून तीच शिडं वेगळी दिसत. पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे ‘कार्ताझ’, जवळ नसेल तर व्यापारी गलबत जप्त होई. आणि १५०८ च्या अखेरीस फ्रान्सिस्को द आल्मेदाच्या आरमाराने भरभराटीचं दाभोळ बंदर लुटून जाळलं.

हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने या सागरी वैभवाचं रीतसर सरकारी प्रचारात रूपांतर केलं. १९३४ मध्ये पोर्तो शहरात वसाहतींचं मोठं प्रदर्शन भरलं. त्याचा संयोजक हेन्रिक गाल्वांव याने एक नकाशा काढला होता. युरोपच्या नकाशावर अंगोला आणि मोझांबिक हे प्रदेश कापून चिकटवलेले, आणि वर मथळा, की पोर्तुगाल हा काही छोटा देश नव्हे. नकाशा शाळाशाळांतून लागला. गंमत अशी की हाच गाल्वांव पुढे सालाझारचा कट्टर शत्रू झाला आणि १९६१ मध्ये त्याने ‘सांता मारिया’ हे प्रवासी जहाजच पळवून जगभर खळबळ उडवली. पण नकाशा आपलं काम करून गेला होता. १९४० मध्ये लिस्बनच्या बेलें भागात आणखी मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा जहाजाच्या नाळेच्या आकाराचं शोधयात्रांचं स्मारक उभारलं गेलं. ते तात्पुरतं होतं. १९६० मध्ये दगड आणि काँक्रीटमध्ये पक्कं बांधलं. पुढच्याच वर्षी अंगोलात युद्ध पेटलं आणि डिसेंबरात गोवा हातचा गेला. गव्हर्नर जनरल वासालो ए सिल्वा याला शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम होता. त्याने १९ डिसेंबरला शरणागती पत्करली आणि निष्कारण होणारा रक्तपात टाळला. मायदेशी परतल्यावर त्याबद्दल त्याला लष्करातून काढून टाकण्यात आलं.

मराठी माणसाला या राजवटीची ओळख नकाशातून करून घ्यावी लागली नाही. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. सांगलीचे मोहन रानडे त्याच वर्षी पकडले गेले. गोवा मुक्त होऊन सात वर्षं उलटली तरी ते लिस्बनजवळच्या काशियास तुरुंगात होते आणि थेट जानेवारी १९६९ मध्ये सुटले. त्यांच्या सुटकेसाठी भारतात ज्यांनी जिवाचं रान केलं त्यांत गायक-संगीतकार सुधीर फडके होते. याच काशियासमध्ये १९७३ साली पोर्तुगालचा सगळ्यांत आदरणीय गायक जुझे आफोंसो, लोकांचा ‘झेका’, याला काही आठवडे डांबलं होतं. म्हणजे ज्या राजवटीने गोव्याचा कैदी इतकी वर्षं सोडला नाही, तिला आपल्या घरचा गवईही मोकळा नको होता.

त्या गवयाच्या गाण्यानेच ती राजवट उलथवण्याची खूण दिली. २४ एप्रिल १९७४ च्या रात्री अकराला पाच मिनिटं असताना लिस्बनच्या एका रेडिओ केंद्रावरून पाउलो द कार्वाल्होचं एक प्रेमभंगाचं गाणं लागलं. त्या वर्षी युरोव्हिजन स्पर्धेला पाठवलेलं हे गाणं कुणाला खटकण्याचं कारण नव्हतं. बंड करणाऱ्या लष्करी कप्तानांसाठी तो तयार राहण्याचा इशारा होता. मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांनी ‘रेडिओ रेनासेंसा’वर झेकाचं ‘ग्रांदोला, विला मोरेना’ लागलं आणि तुकड्या बराकींतून बाहेर पडल्या. हे गाणं १९७१ मध्ये फ्रान्समधल्या एका जुन्या हवेलीतल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालं होतं. त्यात वाद्यांचा मेळ जवळपास नाहीच. आळेंतेजु प्रांतातले शेतमजूर जसे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून, हळूहळू पावलं टाकत गातात तसं ते गायलंय. त्या पावलांसाठी गायकांना बाहेर नेऊन खडीवर चालवलं आणि तो आवाज ध्वनिमुद्रित केला. ऐकताना आधी खडीचा करकर आवाजच येतो, गळा नंतर.

क्रांतीनंतरची पाच-सहा वर्षं अशाच गाण्यांची होती. भूमिका घेणारी, गिटारवर म्हटलेली, शब्दांना जपणारी. त्यांत अस्सल सोनं होतं आणि बराच पत्रकी मजकूरही होता. त्याच काळात वसाहतींतून पाचेक लाख माणसं घरदार सोडून पोर्तुगालला परतली. लिस्बनच्या धक्क्यावर त्यांच्या लाकडी खोक्यांचे डोंगर लागले. साम्राज्याबद्दल बोलायची सोय मात्र नव्हती. डाव्यांना त्याची लाज वाटत होती, उजवे गप्प बसले होते, आणि परत आलेल्यांना कुणी काही विचारत नव्हतं.

अशा गप्पगप्प घरात वाढलेली पिढी १९८० च्या आसपास वयात आली. ‘रॉक पोर्तुगीजमध्ये गाताच येत नाही, भाषा तोंडात बसत नाही’ हा तोवर सर्वमान्य समज होता. पोर्तोच्या रुई वेलोझोने १९८० मध्ये ‘आर द रॉक’ हा अल्बम काढला. त्यातलं ‘शिको फिनिन्यो’ हे गल्लीतल्या एका नशेबाज पोराचं गाणं तुफान चाललं आणि तो समज एका उन्हाळ्यात विरून गेला. डिसेंबरात लिस्बनमध्ये ‘रॉक राँदेव्हू’ नावाचं सभागृह सुरू झालं, तेही वेलोझोच्या कार्यक्रमानेच. कंपन्या गिटार धरता येणाऱ्या कुणालाही करारावर सह्या करायला लावू लागल्या. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. मार्च १९८० मध्ये पोर्तुगीज दूरदर्शनवर रंगीत प्रक्षेपण नियमित सुरू झालं. वाहिनी सरकारी, पाहणारे घरोघरी, आणि पडद्यावर आता कपड्यांचा रंग दिसत होता. एरॉइश दु मार हा बँड काळ्या-पांढऱ्या पडद्यावर निम्मासुद्धा उरला नसता.

त्यातले पाच जण म्हणजे बासवर पेद्रो आयरेस मागाल्यांइस, गिटारवर पाउलो पेद्रो गोन्साल्विस, कीबोर्डवर कार्लोस मारिया त्रिंदाद, ड्रमवर आंतोनियो जुझे द आल्मेदा आणि गायक रुई प्रेगाल दा कुन्हा. पहिले दोघं मुळात पंक. १९७० च्या दशकाच्या शेवटी ‘फाइश्कास’ नावाच्या बँडमध्ये ते कान फाटेस्तोवर वाजवत. लिस्बनच्या अगदी पहिल्या पंक बँडांपैकी तो एक. त्यातून पुढे ‘कोर्पु दिप्लोमातिको’ निघाला, तिथे त्रिंदाद त्यांना येऊन मिळाला आणि १९७९ मध्ये ‘म्युझिका मोडेर्ना’ ही रेकॉर्ड आली. ती खपली नाही. पण पंकमधून त्यांनी एक धडा घेतला: लोकांना खटकेल असं काही समोर धरलं की ते निदान वळून बघतात. इंग्रज पंकांनी राणीच्या चेहऱ्याशी खेळ केला. पोर्तुगालमध्ये राणी नव्हती, तेव्हा या मंडळींनी गलबतं काढली.

नुसती खोडी मात्र ती नव्हती. मागाल्यांइस फर्नांदो पेसोआचा ‘मेन्साजें’ हा काव्यसंग्रह वाचून भारावला होता. पेसोआच्या हयातीत पोर्तुगीजमध्ये प्रसिद्ध झालेला हा त्याचा एकमेव कवितासंग्रह, १९३४ चा. राजे, दर्यावर्दी, हरवलेलं आणि पुन्हा उगवणारं साम्राज्य, असं सगळं गूढ वातावरण. सालाझारच्या प्रचारखात्याने त्याला पारितोषिकही दिलं होतं, आणि तेव्हापासून हा संग्रह नेमका कुणाच्या बाजूचा यावर पोर्तुगीज माणसं भांडत आली आहेत. बँडने ते भांडण ध्वनिक्षेपकावर आणलं. ‘ब्राव्हा दान्सा दुश एरॉइश’ हे त्यांचं सुरुवातीचं गाणं ऐका. कूच करणाऱ्या पलटणीसारखे घुमणारे ड्रम, वर सामूहिक गळ्यांचा घोष, आणि मधूनच बासची अशी काही वळणं की पाय आपोआप डिस्कोच्या ठेक्यावर जातात. संचलन आणि नाच एकाच गाण्यात. ऐकणाऱ्याला कळेना की सलाम ठोकायचा की कंबर हलवायची.

आरोप झाले तेव्हा बँडचं म्हणणं असं, की ही चिन्हं देशाची आहेत, सालाझारच्या बापाची नव्हेत. त्याने ती बळकावली म्हणून आम्ही का सोडायची? मला हे म्हणणं निम्मं पटतं. कुणा हुकूमशहाने झेंडा हातात धरला म्हणून तो कायमचा बाटला असं मानायचं, तर जगातला एकही झेंडा शिल्लक राहणार नाही. शिवाय राष्ट्रगीताचा इतिहास बघा. ‘आ पोर्तुगेझा’ हे गाणं १८९० मध्ये हेन्रिक लोपेस द मेंदोंसाने लिहिलं आणि आल्फ्रेदो काइलने त्याला चाल दिली. ब्रिटनने आफ्रिकेतला प्रदेश सोडण्याचा निर्वाणीचा खलिता धाडला आणि लिस्बनच्या राजाने मान तुकवली, त्या संतापातून ते आलं. राजाविरुद्धच्या बंडखोरांनी ते उचललं. राजेशाहीत त्यावर बंदी आली. प्रजासत्ताकाने १९११ मध्ये ते राष्ट्रगीत केलं. म्हणजे जे गाणं हुकूमशाहीचं वाटत होतं त्याचा जन्म निषेधाचा होता. मात्र निषेध कशाचा, तर आफ्रिकेचा तुकडा दुसऱ्या चोराने नेल्याचा! इथेच माझं निम्मं पटणं संपतं. या पाच जणांच्या गाण्यांत समुद्र आहे, शिडं आहेत, निघण्याची हुरहुर आहे. जहाज कुठे जाऊन लागलं आणि तिथल्या माणसांचं काय झालं, याचा ठाव कुठे लागत नाही. तो दोष एकट्या त्यांचा नव्हता. त्या साली लिस्बनमध्ये तो प्रश्न विचारणारे फारच थोडे होते.

जाता जाता, १९८१ मध्येच पोर्तोचा ‘जीएनआर’ हा बँड गाजत होता. त्यांच्या नावाची आद्याक्षरं देशाच्या निमलष्करी पोलीसदलाची, आणि त्यांचं पहिलं गाजलेलं गाणं होतं पोर्तुगालला युरोपीय आर्थिक समुदायात घ्या म्हणून. एक बँड शिडं उभारून निघालेला, दुसरा ब्रसेल्सच्या दारात उभा. त्या काळातल्या पोर्तुगालच्या मनःस्थितीवर कुणाला प्रबंध लिहायचा असेल तर या दोन रेकॉर्डी पुरेशा आहेत. (१ जानेवारी १९८६ ला दार उघडलं.)

मग १९८२ मध्ये एरॉइश दु मारने ‘आमोर’ हे गाणं काढलं. प्रेमाचं, सरळसोट. बास आणि ड्रमची घट्ट वीण, त्यावर सिंथेसायझरचा गार वारा, आणि कुन्हाचा किंचित कंटाळलेला, किंचित लाडिक आवाज. गाणं इतकं वाजलं की आरोप करणाऱ्यांच्या घरातली मुलंसुद्धा त्यावर नाचू लागली, आणि फॅसिस्ट असल्याची चर्चा हळूच मागे पडली. लेखांनी झालं नव्हतं ते एका नाचाच्या गाण्याने केलं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये रॉक्सी म्युझिकच्या कार्यक्रमांआधी वाजवायची संधी त्यांना मिळाली. पोर्तुगीजमध्ये गाणाऱ्या बँडला असं बोलावणं येणं तेव्हा अपूर्वाईचं होतं. १९८३ मध्ये ‘पायशांव’ आलं, तेही चाललं. १९८४ मध्ये ‘ओ राप्तो’ या छोट्या रेकॉर्डवरचं ‘सो गोस्तो द ती’. बावटे आता मंचावर दिसेनासे झाले होते.

माझ्या मते मात्र या बँडने केलेलं सगळ्यात मोलाचं काम त्यांच्या स्वतःच्या रेकॉर्डींवर नाहीच. ते आहे एका न्हाव्याच्या रेकॉर्डवर.

आंतोनियो वारियासॉइंश हा उत्तरेकडच्या मिन्यो प्रांतातल्या फिस्काल नावाच्या खेड्यातला. जन्म १९४४ चा. पोटासाठी लहानपणीच लिस्बनला आला, सैन्यात भरती होऊन अंगोलाला गेला, परत आला, ॲमस्टरडॅमला जाऊन केस कापायची कला शिकला आणि लिस्बनमध्ये त्याच धंद्यात पडला. स्वरलिपी येत नव्हती, वाद्य वाजवता येत नव्हतं. डोक्यात चाल आली की कॅसेट रेकॉर्डर सुरू करायचा आणि गुणगुणायचं. दाढी रंगवलेली, कानात डूल, अंगावर कधी काय असेल सांगता येत नाही. कंपनीने त्याच्याशी करार करून त्याला काही वर्षं नुसतंच ताटकळत ठेवलं, कारण या माणसाचं करायचं काय ते कुणाला उमगेना. आपलं संगीत न्यूयॉर्क आणि ब्रागा यांच्या मधलं असावं असं तो म्हणे. ब्रागा म्हणजे त्याच्या गावाजवळचं देवळांचं शहर. १९८३ मध्ये जीएनआरमधल्या वादकांच्या मदतीने पहिला अल्बम निघाला. दुसऱ्यासाठी मागाल्यांइस आणि त्रिंदाद निर्माते झाले आणि एरॉइश दु मारचे वादक साथीला बसले. ‘दार ए रेसेबेर’ हा तो अल्बम, १९८४ चा.

त्या कॅसेटवरच्या गुणगुणीतून गाणं कसं उभं करायचं, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. मिन्योच्या जत्रेतल्या गाण्यांची हेलकावणारी लय त्या गळ्यात होती, आणि फादो या पोर्तुगीज गानप्रकारातलं लांबवलेलं अक्षरही होतं. दोघांनी शहाणपणा असा केला की गळ्याला हात लावला नाही. सिंथेसायझर त्याच्याभोवती मोकळा पसरला. ‘कान्सांव द एंगात’ या गाण्यात रात्री अनोळखी माणसाला साद घालण्याचा जो धीटपणा आहे तो साथीतल्या संयमामुळेच टोचतो. गलबतं आणि क्रूस मिरवून जो ‘पोर्तुगीजपणा’ या मंडळींना दाखवायचा होता, तो या न्हाव्याच्या गळ्यात कुणी न मागता होता. रेकॉर्ड निघाली तेव्हा वारियासॉइंश आजारी होता. १३ जून १९८४ ला तो गेला. तो दिवस लिस्बनच्या लाडक्या संत अँथनीचा, म्हणजे त्याच्याच नावाच्या संताचा सण, आणि शहरात आदल्या रात्रीपासून रस्त्यावर सार्डिन मासे भाजत होते. त्याच्या उरलेल्या कॅसेटी वीस वर्षांनी बाहेर निघाल्या. त्यांतल्या चाली घेऊन २००४ मध्ये ‘उमानुश’ नावाने काही नामांकित गायकांनी अल्बम काढला आणि तो अफाट चालला.

बँडची पुढची वर्षं झपाट्याने सांगता येतील. १९८३ मध्ये देश पुन्हा नाणेनिधीच्या दारात उभा होता, रेकॉर्ड घेणारे हात आखडले, रॉकची लाट ओसरली. १९८६ मध्ये ‘मकाव’ हा अल्बम आला. आशियात पोर्तुगालच्या हाती उरलेलं शेवटचं शहर ते, आणि दुसऱ्याच वर्षी ते चीनला परत करण्याच्या करारावर सही झाली. ‘ओ इन्व्हेंटोर’ हे गाणं दशकाच्या शेवटी गाजलं, १९८८ मध्ये एक अल्बम आला, आणि मग बँड थांबला. त्रिंदाद तोवर उत्तम निर्माता झाला होता. शुतुश इ पोंतापेश या बँडचा ‘सिर्कु द फेराश’ (१९८७) हा अल्बम त्याच्या हातचा. कुन्हा आणि गोन्साल्विस यांनी मिळून ‘एलएक्स-९०’ काढला. गोन्साल्विसने पुढे १९९८ मध्ये ‘ओवेल्या नेग्रा’ या नावाने फादोला यंत्रांच्या ठेक्यावर बसवलं. आज तशा प्रयोगांची रीघ आहे, तेव्हा नव्हती.

आणि मागाल्यांइस? त्याने बँड चालू असतानाच दुसरं घर मांडलं होतं. १९८२ मध्ये काही मित्रांसोबत ‘फुंदासांव आतलांतिका’ ही छोटी रेकॉर्ड कंपनी काढली होती. ती पैशाच्या बाबतीत फार टिकली नाही, पण तिथे ‘सेतिमा लेजियांव’ नावाच्या बँडमधल्या रोद्रिगो लियांवशी त्याची गाठ पडली. दोघांनी १९८५ पासून एकत्र चाली करायला सुरुवात केली. ड्रम नको, वीज नको. लियांवचा कीबोर्ड, मागाल्यांइसची साधी गिटार, त्यात गाब्रिएल गोमेसचं अकॉर्डियन आणि फ्रान्सिस्को रिबेरोचा चेलो. गायिका मिळेना. बाइरो आल्तो या रात्री जागणाऱ्या मोहल्ल्यात मित्रमैत्रिणींबरोबर गाणारी एक सतरा-अठरा वर्षांची मुलगी त्यांच्या कानी पडली: तेरेसा साल्गेरो. १९८७ च्या उन्हाळ्यात लिस्बनच्या शाब्रेगास भागातल्या एका जुन्या मठात, जिथे आता नाट्यगृह होतं, त्यांनी पहिला अल्बम ध्वनिमुद्रित केला. जवळच्या माद्रे द देउश या वस्तीवरून नाव पडलं मादरेदेउश.

या बँडने जे केलं ते पोर्तुगीज पॉपच्या इतिहासात त्याआधी झालं नव्हतं. १९९० च्या ‘एशिश्तिर’ या अल्बममधलं ‘ओ पास्तोर’ युरोपभर वाजलं. विम वेंडर्सने लिस्बनवर चित्रपट करायला घेतला तेव्हा संगीतासाठी त्यांनाच गाठलं. १९९४ च्या ‘लिस्बन स्टोरी’त ते स्वतःच्या नावानेच पडद्यावर आहेत. जपान, ब्राझील, बेल्जियम, जिथे गेले तिथे भरलेली सभागृहं. ज्यांना पोर्तुगीजचं एक अक्षर कळत नव्हतं ती माणसं रडली.

आता या गाण्यांचा विषय काय होता ते बघा: समुद्र, निघून गेलेला माणूस, तेजु नदीच्या मुखातून लांबवर जाणारी होडी, हरवलेल्या कशाची तरी ओढ. म्हणजे बराचसा तोच ऐवज, जो १९८१ मध्ये ढोलाच्या ठेक्यावर आला तेव्हा मंडळी दचकली होती. चेलोवर आल्यावर त्यालाच सौंदर्य म्हटलं गेलं. मागाल्यांइसने दहा वर्षांत विचार बदलला होता असं मला वाटत नाही. त्याने आवाज उतरवला, पलटण घरी पाठवली, आणि वीरांच्या जागी किनाऱ्यावर थांबलेल्या बाईला उभं केलं. हा बदल लहान नव्हे. निघणाऱ्याच्या तोंडी जी बढाई वाटते ती मागे राहिलेल्याच्या तोंडी व्यथा होते, आणि व्यथेला कुणी फॅसिस्ट म्हणत नाही. तरीही साल्गेरोचा निर्मळ आवाज ऐकताना मला कधी कधी १९८१ ची ती उद्धट पोरंच जास्त प्रामाणिक वाटतात. त्यांनी निदान बावटा उघडपणे खांद्यावर घेतला होता, त्यामुळे भांडण तरी करता आलं.

लियांव १९९४ मध्ये स्वतःच्या वाटेने गेला, तेव्हा त्याच्या जागी कीबोर्डवर येऊन बसला तो कार्लोस मारिया त्रिंदाद. पाच वीरांपैकी दोघं पुन्हा एका मंचावर, यावेळी काळ्या साध्या कपड्यांत. २००७ मध्ये साल्गेरोने बँड सोडला. त्याच वर्षी एरॉइश दु मारवर ‘ब्राव्हा दान्सा’ हा माहितीपट आला. त्यात जुन्या चित्रफिती आहेत, पांढऱ्या केसांचे वादक आहेत, आणि पंचवीस वर्षांपूर्वीच्या आरोपांवरची उत्तरंही आहेत. राग पूर्ण गेलेला नाही, हे चेहऱ्यांवरून दिसतं.

वादही मिटलेला नाही. २०१८ मध्ये लिस्बनच्या महापालिकेने शोधयात्रांचं संग्रहालय काढायचं ठरवलं, तर शंभरावर इतिहासकार आणि अभ्यासकांनी जाहीर पत्र लिहून त्या नावालाच हरकत घेतली: ज्यांच्या दारात ही जहाजं लागली त्यांना कुणी शोधलं नव्हतं, ते तिथेच होते. एव्हाना त्या लोकांची नातवंडं लिस्बनच्या उपनगरांत राहत होती, आणि त्यांचा स्वतःचा बँडही होऊन गेला होता. २००६ मध्ये आमादोरा भागात सुरू झालेल्या ‘बुराका सोम सिस्तेमा’ने अंगोलाच्या कुडुरोचा ठेका उचलला, २००८ मध्ये ‘ब्लॅक डायमंड’ हा अल्बम काढला आणि युरोपातले मोठमोठे महोत्सव गाजवले. त्यांच्या गाण्यांतही पोर्तुगीज आहे, लुआंडाच्या रस्त्यांवर बोलली जाते तशी, आणि त्यांच्या मंचावर बावटे नव्हते. नाचणाऱ्या बायका होत्या, घाम होता, आणि खालपासून हादरवणारा बास होता.